खोक्यावरचे १५००

गेल्या गणपतीला पुतण्या बंगळूरहून बेळगावला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं आला तेव्हा त्याच्या खांद्यावर कपड्यांची बॅग होती आणि हातात आणखी एक चौकोनी बॅग. ती त्यानं मला उचलू दिली नाही. घरी येऊन चेन उघडली, तर आत गडद निळा, जांभळ्या लाटांचा एक गोळा. आमच्या आईनं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "किल्ल्यातला तोफेचा गोळा आणलास व्हय रे?"

बोलिंगचा बॉल. लांब गुळगुळीत लेनवरनं गोळा सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या, तो खेळ. पंधरा पौंड, म्हणजे आपले सहा किलो आठशे. ऑफिस सुटल्यावर चार पोरं मिळून खेळतात, आपापसात लीग लावतात. ह्यानं तर स्वतःच्या बोटांच्या मापानं भोकं पाडून घेतलेला बॉल विकत घेतलाय. किंमत सांगितली तेव्हा मी आईकडं बघितलं नाही.

"काका, पहिल्यासारखा वळत नाही हा. तुमचं कामच फिनिशिंगचं. बघा की जरा."

माझं काम फिनिशिंगचं, हे खरं. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये मी एकवीस वर्षं हायड्रॉलिक सिलिंडरच्या नळ्या होन करतो. नळीच्या आत स्टोन फिरवायचा, वरखाली न्यायचा, जाळीसारखे तिरके ओरखडे पाडायचे आणि ड्रॉइंगवर लिहिलेल्या आकड्यात बसवायचं. म्हणून छाती जरा फुगली. गणपतीपुढं बसून मी त्याला म्हणालो, ठेवून जा.

त्यानं मोबाईलवर खोक्याचा फोटो दाखवला. खाली बारीक अक्षरात फॅक्टरी फिनिश: १५०० ग्रिट, पॉलिश्ड.

ग्रिट म्हणजे पॉलिशपेपरचा नंबर; नंबर जेवढा मोठा, तेवढा कागद बारीक. इथंच माझी पहिली गोची. १५०० नंबरचा पॉलिशपेपर मारलेली वस्तू चमकत नाही, दुधी दिसते. हा तर चमकत होता. मी समजलो, १५०० मारून मग चमक आणली, म्हणजे चमक हेच शेवटचं काम. म्हणून रविवारी शॉप बंद असताना बॉल एका जुन्या टायरच्या रिंगणात बसवला, हातानं १५०० चा कागद जरा फिरवला आणि बफच्या चाकावर स्टीलला लावतो ती हिरवी वडी लावून दाबला. बफ २८०० आरपीएमचा. पाच मिनिटांत माझा चेहरा त्यात दिसायला लागला, मिशीतला पांढरा केससुद्धा. शेजारच्या मशीनवरचे कन्नड मेस्त्री काही कामानं आले होते. ते म्हणाले, "साकु री, साकु." पुरे आता. मी ऐकलं नाही.

आठ दिवसांनी फोन. "काका, बॉल वळायचंच सोडून दिलंय. साबण सांडलेल्या मोरीतनं गेल्यागत सरळ जातोय. आरसा केलाय तुम्ही."

चूक माझीच. पण नेमकी कुठं झाली, हे मला दोन महिने कळलं नाही.

नोव्हेंबरात शॉपच्या कामासाठी बंगळूरला जायचं होतं. संध्याकाळी पुतण्यानं मला बोलिंगला नेलं. बूट बदलायला लावले, ते मला आवडलं नाही. पण लेन बघितली आणि सगळा राग गेला, कारण ती लेन म्हणजे आमच्याच धंद्यातली गोष्ट निघाली. लेनला तेल लावलेलं असतं! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना जी ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. रुंदीला ३९ पट्ट्या, एकेक साधारण इंचाची. मशीन फिरवून त्यावर खनिज तेलाचा थर देतात. नेहमीच्या खेळात पहिले चाळीसेक फूट तेल असतं, मधे जास्त आणि कडेला कमी, आणि शेवटचे वीसेक फूट कोरडे. बॉल आधी तेलावरनं घसरतो, मग वळायला लागतो आणि शेवटी सरळ गरगरत पिनांत शिरतो.

पोरानं टाकून परत आलेला बॉल माझ्या हातात दिला. त्यावर तेलाच्या बारीक गोल रेघा होत्या, एकमेकींपासून जरा सरकत गेलेल्या, आणि दोन ठिकाणी सगळ्या एकत्र येऊन बांधल्यागत दिसत होत्या, जशी फुलपाखराची कंबर. बॉल फिरता फिरता त्याचा आस सरकतो, त्यामुळं प्रत्येक फेरीला कोरी पट्टी लेनला लागते. मी बोट फिरवलं. जिथं रेघा पडत होत्या तो पट्टा आणि बाजूचा भाग हाताला वेगळा लागत होता. एकवीस वर्षं नळीत बोट घालून ओरखडा ओळखणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

मग डोक्यात बसलं ते असं.

आमच्या सिलिंडरच्या नळीत ओरखडे कशासाठी पाडतो? तेल धरून ठेवायला. नळी फार गुळगुळीत झाली तर तेलाचा पापुद्रा टिकत नाही, सील अडकत अडकत सरकतं, गरम होतं. फार खरखरीत झाली तर सील खाल्लं जातं. ओरखड्याच्या दरीत तेल बसतं आणि दोन धातू एकमेकांना लागत नाहीत. बोलिंगच्या बॉलवर ओरखडे तेच, पण काम उलटं. तिथं दरीत तेल जायला जागा मिळते, म्हणून वरची शिखरं तेलातनं खाली पोचतात आणि लाकडाला, नाहीतर हल्ली असतं त्या सिंथेटिक पाट्याला, धरतात. पावसाळ्यात चोर्ला घाटातनं झिजलेल्या टायरवर गाडी काढलेल्याला हे वेगळं समजवायला नको. पाण्याला निघायला वाट नसली की गाडी पाण्यावरच चालते.

म्हणजे ५०० नंबरचा खरखरीत बॉल तेलातच लेन धरायला लागतो, लवकर वळतो. चमकवलेला बॉल तेलावरनं लांब घसरत जातो आणि कोरड्यात पोचल्यावर एकदम वळतो. पोराला मी विचारलं, मग खरखरीतच बरा की, लवकर धरतोय. तर तसं नाही. जो लवकर धरतो त्याची ताकद वाटेतच संपते, पिनांपाशी पोचेपर्यंत तो ढिला पडलेला असतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिल्याच चौकात सगळं नाचून घेतलेला पोरगा कपिलेश्वर तलावापर्यंत टिकतो का? तसंच. तेल भरपूर असेल तर खरखरीत हवा, कारण चमकदार बॉल धरणारच नाही. तेल कमी असेल, किंवा खेळून खेळून उडालं असेल, तर चमकदार हवा, म्हणजे जोर शेवटासाठी राहतो. म्हणून खेळणारी मंडळी दोन-तीन बॉल घेऊन हिंडतात. एकाच बॉलवर सगळं भागवणारे आमच्या पुतण्यासारखे.

आता ते खोक्यावरचे १५००.

मी जे समजलो होतो ते अर्धं बरोबर होतं. "१५०० पॉलिश्ड" म्हणजे १५०० पर्यंत घासून वर पॉलिश. पण चमकीखाली १५०० चे ओरखडे तसेच असतात. पॉलिश फक्त शिखरांची टोकं बसवतं, दऱ्या राहतात. आम्ही ह्याला प्लॅटो म्हणतो. इंजिनच्या लायनरला प्लॅटो होनिंग करतात ते हेच: आधी खरखरीत स्टोननं दऱ्या पाडायच्या, मग बारीक स्टोननं नुसती शिखरं कापायची, म्हणजे वर सपाट माळ आणि मधे तेलाच्या चरी. मी स्वतः हे काम चार वर्षं केलं, आणि समोर चमकणारा गोळा आला तेव्हा आठवलं नाही! बफ दाबून दाबून मी माळ, चरी सगळंच एक करून टाकलं.

आणि त्याहून मोठी चूक म्हणजे खालचं काम न करता वर चमक चढवली. पुतण्याकडं आला तेव्हाच तो बॉल खोक्यातला १५०० राहिला नव्हता. लेनवर घासून घासून पट्टा गुळगुळीत होतो. १००० चा बॉल थोड्या गेममध्येच बारीक नंबरच्या बॉलसारखा वागायला लागतो, चमकदार बॉलवर उलट चरे येतात आणि तेलानं भोकं बुजतात. भोकं म्हणजे बोटांची नव्हेत, कवचातली. हल्लीच्या बॉलचं कवच रिअॅक्टिव्ह रेझिनचं असतं, त्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि ती लेनवरचं तेल पितात. फार पूर्वी हे गोळे लिग्नम व्हिटे नावाच्या जड लाकडाचे होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबर आलं, मग प्लास्टिक, १९८० च्या आसपास युरेथेन आणि १९९० नंतर हे रेझिन. रेझिन आलं आणि बॉल वळायला लागला खरा, पण त्याबरोबर त्याची देखभालही गळ्यात पडली. लाकडाच्या गोळ्याला कोण विचारत होतं ग्रिट?

खोक्यावरचे आकडे वाचायचाही मला मग नाद लागला. पोरगा मित्रांच्या खोक्यांचे फोटो पाठवायचा. कुठं नुसतं "२००० अॅब्रालॉन". अॅब्रालॉन हा फिनलंडच्या मिर्का कंपनीचा फोमवर बसवलेला घासायचा पॅड. कुठं "५००, १०००, १५०० सियाएअर" आणि पुढं "क्राउन फॅक्टरी कंपाउंड". सियाएअर हा स्वित्झर्लंडच्या सियाचा तसलाच पॅड, आणि कंपाउंड म्हणजे पूर्ण चमक न आणता टोकं बसवणारी मलई. कंपाउंड लावलेला बॉल पॉलिशइतका चमकत नाही, घासलेल्याइतका दुधीही नसतो, मधलाच. स्टॉर्म कंपनीच्या काही खोक्यांवर तर आकडाच नाही, "रिअॅक्टा ग्लॉस" असं नाव. हे म्हणजे कुंद्याच्या पुड्यावर "खास" लिहिल्यासारखं. चव कळते, पण खवा किती भाजला हे कळत नाही.

नंबर ओळीनं का लिहितात हेही ध्यानात आलं. ५०० नं दऱ्या पाडल्या, १००० नं त्या उथळ केल्या, १५०० नं आणखी. शेवटचा आकडा एकच असला तरी खाली काय होतं त्यावर फरक पडतो. ५०० वरनं थेट ४००० मारला तर ४००० चा पॅड शिखरांवरच फिरतो, खालच्या खोल दऱ्यांपर्यंत पोचतच नाही. असा बॉल दिसायला मऊ आणि वागायला खट्याळ.

आणखी एक, जे आमच्या शॉपमधल्या नव्या पोरांनाही सांगून सांगून दमलो. नंबर कागदाचा असतो, जॉबचा नव्हे. कागदावरचा १५०० म्हणजे त्यावरचा कण साधारण साडेबारा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ५०० चा तीसेक, २००० चा दहाच्या आसपास. पण त्या कणानं किती खोल ओरखडा पडेल हे दाब, पाणी, वेळ आणि पॅड नवा की झिजलेला यावर. नव्या पॅडचा १००० आणि बारा बॉल घासून झालेल्या पॅडचा १००० हे दोन वेगळे फिनिश. कारखान्यातनं एकाच नावाचे दोन बॉल हाताला वेगळे लागले तर त्यात नवल काही नाही. त्यात नंबरच्या पद्धती दोन. अमेरिकन पद्धतीचा ६०० युरोपियन पी पद्धतीच्या १२०० च्या जवळ पडतो. एकदा ह्याच घोळात मी आख्खी बॅच परत होन केलीय, म्हणून सांगतो.

दिवाळी आधीच उरकली होती, म्हणून बॉलचं काम नाताळच्या सुट्टीत निघालं. पोरगा चार दिवस होता.

पहिलं, तेल काढणं. हाताला सोसेल एवढं गरम पाणी, त्यात भांड्यांचा साबण, बोटांच्या भोकांवर चिकटपट्टी आणि बॉल बादलीत. फार गरम चालत नाही, कवच तडकतं. वीस मिनिटांनी पाण्यावर तेलाचा पापुद्रा तरंगायला लागला, रस्त्यावर डिझेल सांडल्यावर दिसतात तसले रंग. दोनदा पाणी बदललं. बायको मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, आंघोळीची बादली हाय ती." मी म्हटलं, याचीच आंघोळ चाललीय. त्या संध्याकाळी नवी बादली आली, आणि जुनी शॉपला गेली.

दुसरं, फिरवायचं यंत्र. बोलिंगवाल्यांकडं बॉल स्पिनर असतो, वाटीत बॉल ठेवायचा, वाटी फिरते, वरनं पॅड धरायचा. आम्ही जुन्या ड्रिलिंग मशीनची मोटर घेतली, पुली लावून वेग निम्म्यावर आणला. वाटीसाठी सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा लेथवर तोंड मारून, काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवून बसवला. पाणी उडू नये म्हणून बाजूनं तीच ती जुनी बादली, बूड कापून. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा बॉल जरा डुगडुगला, कारण पाइप कापताना तोंड तिरकं राहिलं होतं. परत लेथला. दुसऱ्यांदा असा फिरला की त्यावरच्या जांभळ्या लाटांची एकच पट्टी झाली.

पॅड मात्र विकत आणले. गाड्यांच्या रंगाचं सामान ठेवणाऱ्या दुकानात फोमचे गोल पॅड मिळतात, १५० मिलिमीटरचे. मुळात ते गाड्यांच्याच कामाचे.

आधी ५००, पाणी मारत, माझा आरसा पुसून काढायला. तो जायला वेळ लागला. पट्ट्यातला गुळगुळीतपणा जरा जरा करून गेला आणि सगळा गोळा सारखा दुधी झाला. इथंच आणखी एक बारकावा. वाटीत बॉल एकाच बाजूनं ठेवून घासला तर ओरखडे सगळे एकाच दिशेचे, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे पडतात. म्हणून एक बाजू मिनिटभर, मग उलटा करून मिनिटभर, मग पाव फिरवून तिसरी, परत उलटा करून चौथी. चार बाजू केल्या की ओरखडे एकमेकांना कापतात, आमच्या नळीतल्या जाळीसारखे. घड्याळ पोराच्या हातात, पॅड माझ्या. हाताचा दाब सारखा ठेवणं हेच खरं कसब, बाकी यंत्र फिरवतंय.

मग १०००, मग १५००. शेवटी पॉलिश, पण ह्या वेळी बफ नाही, हिरवी वडी नाही. बोलिंगसाठीच मिळतं ते पॉलिश पोरानं बंगळूरहून आणलं होतं, ते कापडावर घेऊन वाटीतच हलक्या हातानं लावलं.

मोजल्याशिवाय मला झोप कुठली. शॉपमध्ये खिशातला रफनेस टेस्टर आहे, सुई सरकते आणि आकडा येतो. पण तो सपाट नाहीतर नळीसारख्या जॉबसाठी. हा गोळा, २१६ मिलिमीटर व्यासाचा. कटऑफ, म्हणजे किती लांबीपर्यंतचे चढउतार खरखरीतपणात धरायचे ते माप, ०.८ मिलिमीटर ठेवला तर सुई चार मिलिमीटर चालते, आणि तेवढ्यात गोळ्याच्या वाकाचाच फुगवटा साडेअठरा मायक्रॉन भरतो. पाटीवर हिशोब करून बघा, कुणालाही येईल. ओरखडे मायक्रॉनच्या आतबाहेरचे आणि वाक साडेअठराचा, म्हणजे शेंगदाणा मोजायला पोतं तागडीत टाकल्यासारखं. कटऑफ ०.२५ वर आणला, सुई सव्वा मिलिमीटर चालली, फुगवटा दोन मायक्रॉनच्याही आत आला, तो गाळणीत निघून गेला. मग आकडे अंगावर यायचे थांबले.

युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसचा नियम आहे की बॉलचा आरए, म्हणजे सरासरी खरखरीतपणा, ५० मायक्रोइंचाच्या वर नको. आपल्या मापात १.२७ मायक्रॉन. आम्ही नळ्या ०.२ ते ०.४ मध्ये देतो, म्हणजे त्यांची सूट आमच्या हिशोबानं ढीगभर. आमचा बॉल मर्यादेच्या कितीतरी खाली होता. पण मला आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट आवडली: उभं मोजा, आडवं मोजा, तिरकं मोजा, आकडा जवळजवळ तोच. चार बाजू फिरवल्याचं फळ. माझ्या बफवाल्या प्रतापाच्या वेळी मोजलं असतं तर आरए इतका खाली मिळाला असता की मीच खूश झालो असतो, आणि बॉल तरीही कामाचा नव्हता. आरए म्हणजे सरासरी. माळ आणि दरी वेगवेगळी सांगणं त्याच्या हातात नाही.

जानेवारीत पोरानं व्हिडिओ पाठवला. बॉल लांबवर घसरत गेला, पार लेनच्या कडेच्या गटारात जाणार असं वाटलं, आणि शेवटच्या टप्प्यात आत वळला. सात पिना पडल्या. दहा नाही पडल्या, त्याचं खापर त्यानं स्वतःच्या मनगटावर फोडलं, एवढा शहाणपणा पोरात आहे.

आता त्याच्या बॅगेत मी जॉब कार्ड घालून ठेवलंय, शॉपचंच कोरं, मागं पुढं दोन्ही बाजूंनी. तारीख, किती गेम झाले, कुठला पॅड, नवा की जुना, किती बाजू, किती मिनिटं. पोरगं हसलं आधी, पण दर वेळी भरतंय. परवा फोनवर म्हणाला, "काका, तिकडच्या लेनवर हल्ली तेल जास्त मारतात. पॉलिश काढून नुसता २००० करूया?" मी म्हटलं, घेऊन ये, ह्या खेपेला पॅड नवा आहे, तेव्हा हात हलका ठेवायला लागेल.

कार्डावरची पहिली ओळ माझ्या अक्षरात आहे. जॉब: बॉल, १५ पौंड. प्रोसेस: बफ, हिरवी वडी. शेरा: रिजेक्ट. ऑपरेटर: काका.